नाव टाकून मिळेल

आमच्या क्लासमधल्या सहा नंबरच्या कॉम्प्युटरला बॅकस्पेसची कळ नाही. ती तुटली नाही, हरवलीही नाही. मन्मथअप्पांनी ती नखानं उचकटून काढली आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकली. मी म्हटलं, "अप्पा, अहो हे काय केलंत?" तर शांतपणे म्हणाले, "खोडायची चीज समोर असली की माणूस बेफिकीर टाकतंय, मास्तरीणबाई. नसली की बघून टाकतंय."

मी लातूरजवळच्या मुरुडला कॉम्प्युटर क्लास चालवते. बाजारपेठेत, किराणा दुकानाच्या वर, लोखंडी जिना चढून यायचं. माझं माहेर उमरी, म्हणजे नांदेडकडची मी. स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. क्लासमधल्या पोरी मला पाठीमागं मिरची मॅडम म्हणतात आणि त्यांना वाटतं मला ते माहीत नाही. तर अशा माझ्या क्लासमध्ये एका माणसानं कळ उपटावी आणि मी त्याला जिन्यावरून खाली पाठवू नये, ह्याचं कारण तो माणूस मन्मथअप्पा होता.

अप्पा म्हणजे आमच्या भागातले नावं टाकणारे. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, आमच्याकडं भांडं द्यायचं. आणि भांडं नुसतं द्यायचं नाही, त्यावर नाव टाकून द्यायचं. कुणाला, कुणाकडून, सप्रेम भेट. बिननावाचं भांडं दिलं तर लोक म्हणतात, ह्यांना आलेलंच पुढं ढकललं वाटतं. त्यामुळं भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर पोतं टाकून अप्पा बसलेले असायचे आणि डोक्यावर पत्र्याची पाटी, 'येथे भांड्यांवर नाव टाकून मिळेल.' आधी छिन्नी-हातोडी होती. टिकटिक करत एकेक ठिपका पाडून अक्षर उठवायचे. पुढं विजेचं मशीन आलं. मुरुडात असं घर नाही की ज्याच्या मांडणीवर अप्पांचं अक्षर नाही. माझ्या सासूबाईंच्या घागरीवर आहे. अक्षर म्हणजे काय अक्षर. वेलांटीसुद्धा पदर सावरून बसल्यासारखी.

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा स्वच्छ शर्ट, आणि आत येताना सगळ्यांना उद्देशून 'शरणार्थ,' म्हणजे लिंगायतांचा नमस्कार. मला एक, पोरींना एक, आणि खुर्चीवर बसताना कॉम्प्युटरला एक. पहिल्या दिवशी मला वाटलं ते सवयीनं झालं असेल. पण नाही, रोज. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "ज्याच्यावर काम करायचं त्याला आधी नमस्कार घालावा. भांड्याला बी घालत होतो."

पहिल्यांदा आले ते दुपारच्या वेळी. जिना चढून दम लागला होता. पाणी प्यायले, तांब्याच्या गळ्यावर कुणाचं नाव आहे ते बघून घेतलं, आणि मग विचारलं, "मास्तरीणबाई, तुमच्यात नाव टाकायला शिकवतेत का? कॉम्प्युटरवर?"

"टायपिंग म्हणताय का अप्पा?"

"टायपिंग न्हाई. ते पान असतंय की, मोबाईलवर उघडतंय. अक्षर ह्या एवढालं करता येतंय. तसलं."

त्यांना वेबपेज म्हणायचं होतं. हळूहळू उलगडा झाला. कुणीतरी त्यांच्या घरी मोबाईलवर लग्नाची पत्रिका दाखवायला आणली होती. आता पत्रिकाही पान होऊन येते. पार्वतीकाकू, म्हणजे अप्पांच्या मंडळी, त्यांचे डोळे साखरेच्या आजारानं अधू होत चालले होते. कागदावरचं अक्षर त्यांना दिसायचं बंद झालं होतं. पण ते पान, काळ्यावर पिवळी मोठाली अक्षरं, आणि मागून उजेड, ते त्यांनी नाकाशी धरून वाचलं. कितीतरी महिन्यांनी काहीतरी वाचलं. अप्पा शेजारीच बसून बघत होते.

"लातूरच्या डॉक्टरनं साफ सांगितलंय," अप्पा म्हणाले, "ही नजर जाणार. आज का उद्या ते मालूम न्हाई. गेली की वापस येणार न्हाई. तर ती जायच्या आधी त्यांच्यासाठी एक पान टाकायचं हाय. मोठ्या अक्षरात."

मी म्हटलं, "काय लिहायचंय ते सांगा, अप्पा. मी आत्ता दोन मिनिटांत करून देते."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी म्हणाले होते की तुमच्या वाटचं जेवण मी जेवून येते.

"तुम्ही टाकल्यावर ते तुमचं झालं, बाई. तसं तर फ्लेक्सवाला बी टाकून देईल. माझ्या हातानं टाकायचं हाय."

"बरं. पण टाकायचंय काय?"

"ते मागून. आधी हत्यार शिकवा."

झालं, अप्पा माझे विद्यार्थी झाले. बाकी सगळ्या पोरी स्पर्धा परीक्षांसाठी सर्टिफिकेट पाहिजे म्हणून आलेल्या. एकटे अप्पा असे, की ज्यांना खरंच काहीतरी करायचं होतं.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. वेबपेज लिहायची जी भाषा असते ती टॅगांची असते. टॅग म्हणजे कंसातली खूण. एक उघडायची खूण, एक बंद करायची, आणि मधे तुमचा मजकूर. बंद करायची खूण विसरलात की पुढचं सगळं बिघडतं. हे पोरींना शिकवताना माझा घसा बसतो. दहादा सांगा, अकराव्यांदा विसरतात. अप्पांना एकदाच सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे डबा आन् झाकण."

"हाव," मी म्हटलं.

"आन् डब्यात डबा असतोय का?"

असतो. बाहेर मोठा टॅग, त्यात डोक्याचा टॅग, मग बॉडीचा, बॉडीत मथळे, परिच्छेद. अप्पांचा चेहरा खुलला. "एकात एक बसणारा संच हाय हा. मग आतल्या डब्याला झाकण घातल्याबिगर बाहेरच्याला घालायचं न्हाई." माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात इतकं सोपं मला कधी सुचलं नव्हतं, हे कबूल करायला माझी जीभ जरा जड झाली. दुसऱ्या दिवसापासून मीही पोरींना तसंच शिकवायला लागले.

मात्र मथळ्यांच्या टॅगवर आमचं पहिलं भांडण झालं. मथळ्याचे सहा नंबर असतात. एक नंबर सगळ्यात मोठा, सहा नंबर सगळ्यात बारीक. अप्पांनी आपल्या मनानं सहा नंबर घातला आणि अक्षर आलं मुंगीएवढं.

"गलत हाय हे," अप्पा म्हणाले.

"गलत नाही, असंच असतं."

"भांड्याचा नंबर वाढला की भांडं मोठं होतंय. एक नंबरच्या पातेल्यात चहा होतो, बाराच्यात पंगत उठती. कोण हाय हे ठरवणारा? त्यानं कधी पातेलं विकत घेतलंय का?"

मी म्हटलं, अप्पा, तो माणूस परदेशात बसलाय, त्याला मुरुडची भांडी कुठं माहीत. ते काही पटलं नाही त्यांना. शेवटपर्यंत एक नंबरचा मथळा घालताना ते थोडे नाखूश असायचे. आणि तो घातल्यावरही स्क्रीनपासून मागं सरकायचे, एक डोळा मिटायचे, दुसरा बारीक करायचे आणि विचारायचे, "ह्याच्याहून मोठं न्हाई का?"

कुणाच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न चाललाय ते मला कळत होतं. पण मथळ्याहून मोठं अक्षर करायचं ते पुढच्या धड्यात येतं. मी म्हटलं, आधी हे नीट येऊ द्या.

एकदा पोरींनी त्यांना गंमत म्हणून सरकणाऱ्या अक्षरांचा टॅग दाखवला. अक्षरं उजवीकडून येतात, डावीकडं पळत जातात. पोरींना तो फार आवडतो. अप्पांनी दोन फेऱ्या बघितल्या आणि म्हणाले, "अक्षर जाग्यावर बसलं पाहिजे. हे चोरी करून पळून राहिलंय." पोरी खो खो हसल्या. त्यानंतर कुणीच तो टॅग वापरेना. वापरला की दुसरी विचारायची, काय गं, काय चोरलंस.

'बसलं का?' हा त्यांचा एक शब्द होता. अक्षर बसलं का, खुर्ची बसली का, मला समजलेलं बसलं का. आणि दुसरा, 'टाकलं ते टाकलं.' हा माझा जीव खायचा.

कारण ते खोडायचे नाहीत. कळ खिशात होती म्हणूनच नव्हे, त्यांच्या लेखी खोडणं म्हणून काही प्रकारच नव्हता. एखादं अक्षर चुकलं की अप्पा दोन्ही हात मांडीवर ठेवायचे, हुश्श करायचे, अख्खं पान न साठवता बंद करायचे आणि नव्यानं पहिल्या टॅगपासून सुरुवात. पहिला डबा, दुसरा डबा, डोकं, शीर्षक, झाकण. बॉडीपर्यंत पोचायचे, चुकायचे, पुन्हा हुश्श. मी चिडायचे. मी म्हणायचे, अप्पा, एका अक्षरासाठी एवढं सगळं का टाकून देताय, जग खोडून लिहितंय. ते म्हणायचे, "ताटावर खोडता येतंय का?"

"हे ताट नाही."

"मला ताटच हाय."

कीबोर्डावर डिलीट नावाची आणखी एक कळ असते आणि तीही हेच काम करते, हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिची जागाही खिशात झाली असती.

अशानं पान काही पुढं सरकेना. इकडं पार्वतीकाकूंची नजर मात्र थांबायला तयार नव्हती. अप्पा सकाळी आले की मी विचारायचे, काकू कशा आहेत. ते म्हणायचे, "काल पिवळी साडी मला पांढरी म्हणल्या." कधी म्हणायचे, "आज दिव्याभोवती कडं दिसतंय म्हणल्या." आणि बसायचे. शरणार्थ, पहिला डबा, दुसरा डबा.

त्या सुमारास मी एकदा त्यांच्या घरी गेले. काकूंनीच बोलावणं धाडलं होतं. घर लहान, लख्ख, आणि मांडणीवर भांडीच भांडी. मला पाणी दिलं त्या पेल्यावर एका अनोळखी बाईचं नाव, आणि ते अर्ध्यात तुटलेलं. ताटावर दुसऱ्याच कुठल्या तरी कुटुंबाचं. चहा आला त्या कपावजा स्टीलच्या वाटीवर लिहिलेलं, 'कै. दिगंबर यांस विवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट.'

मी वाटी हातात धरून बसले. विवाह आणि कैलासवासी.

काकू हसायला लागल्या. नीट दिसत नव्हतं, पण माझ्या गप्प बसण्यावरून ओळखलं त्यांनी. "दिगंबरची वाटी आली का? त्या दिवशी ह्यांच्याकडं एक स्मरणार्थाचं काम होतं आन् एक लग्नाचं. 'चि.'च्या जागी 'कै.' पडलं. नवरदेवाच्या बापानं दुकान डोक्यावर घेतलं. आता तीन लेकरांचा बाप हाय तो दिगंबर, धडधाकट."

तेव्हा कुठं मला उलगडलं. चुकलेलं भांडं गिऱ्हाईक घेत नाही, दुकानदार ठेवून घेत नाही. ते नाव टाकणाऱ्यानं घरी न्यायचं आणि दुकानदाराला भरून द्यायचं. टाकलं ते टाकलं. अप्पांचा सगळा संसार चुकलेल्या नावांच्या भांड्यांत झाला होता.

"तालुक्याची नावं हायत माझ्या घरात," काकू म्हणाल्या आणि मांडणीवरून हात फिरवत एकेक भांडं बोटांनी वाचून दाखवू लागल्या. हे डाळीचं, हे कोकणे गुरुजींच्या मुलीचं, ह्याला काना जास्तीचा. नजर अधू झाल्यावर हीच खोदलेली अक्षरं त्यांच्या कामी आली होती. कुठल्या डब्यात काय, ते बोटांना कळायचं. "फक्त माझं नाव कशावर न्हाई. मी एकदा म्हणले बी होते, एका वाटीवर टाका की. तर म्हणले, घरचं काम हाय, निवांत टाकू. मग हात गेला त्यांचा."

"हात गेला म्हणजे?"

"कापतोय की. म्हणून तर बसणं सोडलं पायरीवर. तुम्हाला न्हाई सांगितलं?"

नव्हतं सांगितलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरून टाइप करतात ही मला त्यांची कारागिराची लकब वाटायची. मला तिथं बसल्या बसल्या सगळं आठवलं. त्यांच्या चुका नेहमी एकाच जातीच्या असायच्या. एक अक्षर दोनदा पडायचं. बोट कळेवर थरथरायचं आणि कळ दोनदा दाबली जायची. आणि मी त्यांना म्हणायचे, अप्पा, लक्ष कुठं आहे तुमचं. मिरची मॅडम उगीच नाही म्हणत पोरी.

काकूंनी मला दारापर्यंत पोचवलं, भिंतीला धरून. हळूच विचारलं, "काय शिकून राहिलेत ते तुमच्याकडं? मला सांगत न्हाईत. म्हणतेत दाखवतो. मी म्हणते लवकर दाखवा, उशीर लई झालाय."

मी म्हटलं, दाखवतील काकू. आणि रस्त्यानं चालताना ठरवून टाकलं की आता हे पान झालंच पाहिजे.

कॉम्प्युटरात एक सोय असते. फार कुणाला ठाऊक नसते. हात थरथरणाऱ्या माणसासाठी अशी मांडणी करता येते की एकच कळ पटकन दोनदा दाबली गेली तर दुसरी वेळ मोजायची नाही. मी सहा नंबरवर ती सुरू करून ठेवली आणि अप्पांना काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ते आले, शरणार्थ घातला, बसले. पहिला डबा घातला. दुसरा घातला. डोकं, शीर्षक, झाकण. बॉडी उघडली. मथळा उघडला. कुठंच हुश्श नाही. थोड्या वेळानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"आज कळा वजनदार लागून राहिल्यात."

"साफ केल्यात मी," मी म्हटलं.

ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. कारागीर माणूस, हत्याराला काय झालं ते त्याला कळल्याशिवाय राहतं का. नुसतं म्हणाले, "बरं केलं." आणि परत स्क्रीनकडं वळले.

मग मी त्यांना मथळ्याहून मोठं अक्षर करायचं शिकवलं. अक्षराचा आकार आपण स्वतः सांगायचा, जेवढा पाहिजे तेवढा. मग पाठीमागचा रंग काळा. अक्षराचा रंग कुठला पाहिजे विचारलं, तर म्हणाले, "पितळेचा." पितळेचा रंग नावानं मिळत नाही. एक दुपारभर बसून आम्ही तो जुळवला. फार पिवळा झाला की म्हणायचे, हे नवं भांडं झालं. फार लाल झाला की म्हणायचे, तांबं आलं. शेवटी एका रंगावर थांबले. "बसला. घासलेलं पितळ हाय हे." मजकुराच्या जागी त्यांनी तोवर नुसते ठिपके टाकले होते. काय लिहायचं ते काही केल्या सांगेनात.

"उद्या आणतो त्यांना," म्हणाले. "समोरच टाकतो."

"अप्पा, आज लिहून ठेवा. उद्या समोर चुकलात तर?"

"समोरच टाकावं लागतंय. गिऱ्हाईक समोर बसतंय, तेव्हाच नाव टाकतेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आल्या. अप्पा पुढं, त्यांच्या खांद्यावर मागून काकूंचा हात. पोरी आपापली कामं सोडून उठून उभ्या राहिल्या. मी दटावलं नाही. काकूंना सहा नंबरच्या समोर खुर्ची दिली आणि स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला. खिडकीचा पडदा ओढला.

अप्पा बसले. शरणार्थ घातला. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. ठिपक्यांवर थांबले. आणि मला एकदम लक्षात आलं की ठिपके काढायला खोडावं लागणार. पण त्यांनी तेही ठरवून ठेवलं होतं. नवीन पान उघडलं आणि पहिल्या डब्यापासून सगळं परत टाकलं, रंगासकट, आकारासकट. पोरी बघत होत्या. मीही. मजकुराची जागा आली. एकेक अक्षर पडू लागलं. मग झाकणं घातली, आतलं आधी, बाहेरचं मागून. साठवलं. उघडलं.

अख्ख्या काळ्या स्क्रीनवर, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, पितळेच्या रंगात एकच शब्द होता.

शिवकांता.

मी गोंधळले. मला वाटलं आता पार्वती येईल. पोरींनी एकमेकींकडं बघितलं. काकूंनी मान पुढं केली, अगदी काचेपर्यंत. पहिलं अक्षर बघितलं, मान सरकवली, दुसरं बघितलं. बोट लावून बघितलं, भांड्याला लावतात तसं, पण काच गुळगुळीत होती. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आणि मग बोट तसंच काचेवर ठेवून बसून राहिल्या.

"हे तुम्हाला आठवणीत हाय?" म्हणाल्या.

"हाय की."

आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून ती बाई त्या नावाची. माहेरचं नाव माहेरी राहतं, आणि आईबाप गेले की तिथूनही जातं. माझ्या लग्नात माझं बदलायचं निघालं तेव्हा मी भांडून नको म्हटलं होतं. काकूंना कुणी विचारलंच नव्हतं.

"शिरूर अनंतपाळला मांडवात बसलो होतो," अप्पा म्हणाले. माझ्याकडं नाही, काकूंकडंही नाही, कीबोर्डाकडं बघून बोलत होते. "भटजी नव्हं, आमच्यात जंगम असतेत, त्यांनी ताट पुढं केलं. माझी आई आधीच म्हणली होती पार्वती टाक. मला वाटलं आधी जुनं काय हाय ते बघावं. म्हणून मी तांदळात आधी शिवकांता टाकलं. लई सुबक बसलं होतं. मग आई वरडली, हे काय टाकून राहिलास. मी तळहातानं तांदूळ सारखे केले आन् पार्वती टाकलं."

थांबले. मनगट अजून धरलेलंच होतं.

"जन्मात तेवढंच एक खोडलं मी. मग कधी खोडलं न्हाई."

एक पोर ओढणीनं डोळे पुसत होती आणि मी तिला काही बोलायच्या स्थितीत नव्हते, कारण माझंही तेच चाललं होतं.

काकू काचेवरून बोट काढायला तयार नव्हत्या. मग म्हणाल्या, "ह्याच्या खाली जागा हाय का?"

"हाय. खाली सरकवलं की हाय."

"मग पार्वती बी टाका. तिला नका खोडू. इतकी वर्षं भाकऱ्या तिनंच केल्यात की."

अप्पा हसले. मी त्यांना तसं हसताना आधी बघितलं नव्हतं. त्यांनी खाली आणखी एक डबा उघडला, पार्वती टाकलं, झाकण घातलं.

"आन् कुणाकडून ते?" काकू म्हणाल्या. "सप्रेम भेट कुणाकडून ते नसलं तर लोक म्हणतेल पुढं ढकललंय."

मग 'मन्मथकडून' असं टाकलं. ते सहा नंबरच्या मथळ्यात टाकलं, मुंगीएवढं. काकूंना ते दिसलं नाही. त्यांनी विचारलं, "टाकलं का?" अप्पा म्हणाले, "टाकलं ते टाकलं."

निघताना काकूंनी जिन्याच्या तोंडाशी थांबून मला म्हटलं, "मास्तरीणबाई, ह्यांनी मला आजवर कधी नावानं हाक मारली न्हाई. ना ह्या, ना त्या. अगं, ऐकलं का, एवढंच. टाकतेत मात्र छान." अप्पांनी ऐकलं, पण ऐकू न आल्यासारखं करून चपला शोधत राहिले.

ते पान नंतर त्यांच्या मोबाईलवरही घालून दिलं मी. काकू रोज सकाळी उघडून बघायच्या असं अप्पा सांगत. मग एके दिवशी म्हणाले, "आता फक्त पिवळं दिसतंय म्हणल्या. अक्षर न्हाई." आणि मग पिवळंही गेलं.

अप्पा अजून येतात. आता काही शिकायचं राहिलं नाही त्यांचं, पण येतात. पोरींच्या पानांची झाकणं तपासतात. सहा नंबरची कळ अजून त्यांच्या खिशातच आहे. नवीन आलेल्या पोरी तक्रार करतात, मी म्हणते बघून टाका. आता काकूंनाही सोबत आणतात, एकटं घरी ठेवत नाहीत. काकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि पोरींच्या बोलण्यात भाग घेतात. चष्मा कधीच काढून ठेवलाय त्यांनी.

परवा दोघं निघाले. मी आत हिशोबाचं काही बघत होते. जिना लोखंडी आहे, वळणावर एक पायरी आखूड आहे, नवीन माणूस तिथं हमखास अडखळतो. काकूंचा हात अप्पांच्या खांद्यावर होता. ते अर्ध्यापर्यंत उतरल्याचा आवाज आला आणि थांबला. मी दाराशी आले. खाली बाजारात नेहमीचा गलबला. अप्पा वळणावर उभे राहून मागं वळले होते.

"शिवकांता," ते म्हणाले, "हितं पायरी आखूड हाय. बघून टाक पाय."